समस्त ग्रामस्थांचा डावा पाय

आमच्याकडं माणूस मेला की दहाव्या दिवशी तो चांगला होतो. नदीकाठी मांडव पडतो, महाराजांचं प्रवचन होतं, आणि पिंडाला कावळा शिवायच्या आधी माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. जुन्नर-आंबेगावात दशक्रियेला जेवढं खोटं बोललं जातं तेवढं निवडणुकीतही बोललं जात नाही, असं माझं मत आहे. आणि मी दोन्हीकडं माईक धरलेला आहे. निवडणुकीत निदान समोरून कुणीतरी उठून उलट विचारतो. दहाव्याला कोण विचारणार? ज्याला खरं माहीत असतं तोच गेलेला असतो.

मी पत्रकं लिहितो. ओतूरला कॉलेजात असताना आमच्या गावची सकाळची एसटी बंद झाली, तेव्हा पहिलं लिहिलं. मग पाण्याचं, मग वनखात्याचं, मग बिबट्याचं, मग दारूबंदीचं. पत्रकाला एक चाल असते. एक वाक्य एकदा म्हणून भागत नाही, तीनदा म्हणावं लागतं. वर 'जाहीर' असं काहीतरी लागतं. आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'आपले नम्र, समस्त ग्रामस्थ'. हे समस्त ग्रामस्थ फार सोयीचे. त्यांना पोलीस पाटील बोलावून घेत नाही, त्यांच्या वडिलांना सोसायटीचा चेअरमन टोमणे मारत नाही. मी इतकी वर्षं त्यांच्या नावानं चिडत आलो, पण त्यांच्यापैकी एकानंही कधी 'मला विचारलं का?' म्हटलं नाही.

त्यामुळं आमच्या गावचा फुटबॉलवाला वारला तेव्हा पत्रक मीच लिहिणार, हे कुणाला ठरवावंही लागलं नाही.

फुटबॉल, आणि जुन्नर तालुक्यात? ज्याला सांगावं तो आधी हसतो. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात टेनिस बॉल नाहीतर बैलाची वेसण. हा आला मढच्याही पलीकडून, डोंगरातून. तिकडच्या आश्रमशाळेत कोल्हापूरकडचे एक सर बदलून आले होते. त्यांनी येताना फुटबॉल आणला आणि पुन्हा बदली झाल्यावर तो तिथंच ठेवून गेले. याचे आई-बाप आधीच गेलेले. थोरली बहीण आमच्या गावात दिलेली. दहावीला नापास झाल्यावर तो तिच्याकडं राहायला आला, कांदा लागवडीला मजुरीनं जायला. एका खांद्यावर कपड्याची पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर खताच्या गोणीत तो फुटबॉल.

ती वर्षं बैलगाडा शर्यतींवरच्या बंदीची. बैलगाडे पळवायची चढाची धावपट्टी असते, तिला आमच्याकडं घाट म्हणतात. एका टोकाला गाडा जुंपायचा आणि वरच्या टोकाला निशाणापर्यंत पळवायचा. कोर्टानं बैल थांबवले, घाट मोकळा पडला. गावात त्याच्याइतकी लांब, बिनदगडांची दुसरी जागा नव्हती. यानं मांडववाल्याकडून चार बांबू मागून आणले, दोन खाली रोवले, दोन वर रोवले, आणि उभ्या चढावर फुटबॉल सुरू केला.

म्हणजे एक गोल उताराला आणि एक गोल चढाला. टॉस जिंकणारा विचारायचा, "पहिल्या हाफला उतार घेता का चढ?" बाहेरच्या टीम यायच्या आणि डोक्याला हात लावायच्या. उताराला खेळताना चेंडू हातचा निघून जायचा, चढाला खेळताना छाती फुटायची. पण हा चढाला खेळायला लागला की बघायला बाया धुणं सोडून यायच्या. चेंडू डाव्या पायानं वर ढकलायचा आणि नुसता उभा राहायचा. आडवा आलेला गडी चेंडूच्या मागं चढावर धावत सुटायचा, आणि चेंडू आपला त्याला चुकवून उतारानं परत याच्या पायाशी. पाळलेल्या कुत्र्यासारखा. तोवर गडी वर निशाणापाशी धापा टाकत.

शर्यतींचा अनाउन्सर तेव्हा बेकार होता. त्याचा आवाज तीन वाड्यांना ऐकू जायचा आणि बंदीनं त्याच्या तोंडाला कुलूप लावलेलं. त्यानं फुटबॉलची कॉमेंट्री हातात घेतली. खेळ त्याला शेवटपर्यंत कळला नाही. तो बैलांच्याच चालीवर ओरडायचा, "भिर्रर्र झालीऽऽ! सुटला डावा! आला कासऱ्याला! झाली झाली झाली... गोऽऽल! बारा सेकंद! टाळ्या वाजवा राव, फुकटात बघताय!"

तर असा खेळाडू. आता दुसरी बाजू, जी दहाव्याच्या भाषणात येत नसते.

एका फायनलला आम्ही हाफटाइमला चार गोलांनी पुढं होतो. समोर आंबेगावकडची पोरं, टेम्पोत बसून आलेली. दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा आमचा गडी त्यांच्या बाजूला उभा. त्यांचा शर्ट घालून. आमचा कॅप्टन, ज्याचं आता ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, तो किंचाळला, "आरं ये, हिकडं! डोकं फिरलं का?"

हा म्हणाला, "त्यांची तोंडं बघवंना रं. एवढ्या लांबून आल्यात."

ती मॅच आम्ही हरलो. पाच गोल त्यानंच आमच्यावर मारले, आणि अनाउन्सरनं त्या पाचही गोलांना पहिल्या चारांइतकाच आवाज दिला.

पुण्याच्या एका क्लबानं त्याला बोलावलं होतं. आम्ही आळेफाट्यापर्यंत सोडायला गेलो, हार घातला, फोटो काढले. बारा दिवसांनी हा परत, स्टँडवर मिसळ खात बसलेला. विचारलं, काय झालं? "मैदान सपाट हाय," म्हणाला. "सपाट मैदानावर चेंडू कुठं जानार ते आधीच कळतं. मजा न्हाई." यावर मी तेव्हा पत्रक काढलं होतं. 'ग्रामीण खेळाडूवर पुण्यात अन्याय.' त्यानं ते वाचलं आणि विचारलं, "कुनी केला?"

आणि दारू. गोल झाला की क्वार्टर, ही पद्धत कुणी काढली ते सांगता येणार नाही. पद्धती समस्त ग्रामस्थांच्याच असतात. आधी फायनलनंतर, मग प्रत्येक मॅचनंतर, मग प्रत्येक गोलामागं, मग मॅचच्या आधी अंगात हुशारी यावी म्हणून. शर्यतीच्या बैलाला आमच्याकडं दूध, अंडी, बदाम. कुणी बैलाला दारू पाजली असती तर मालकानं कुऱ्हाड काढली असती. याला मालक नव्हता.

मग बंदी उठली. गुलाल उधळत बैल परत आले, अनाउन्सर परत बैलांचा झाला, आमचे बांबू मांडववाल्यानं उपटून नेले. गोल संपले, क्वार्टर चालू राहिली. आता जुन्या गोलांच्या नावानं. कुणी भेटलं की म्हणायचं, "चल भाऊ, त्या घोडेगावच्या मॅचची आठवण काढू." असं आठवण काढत काढत त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. नारायणगावच्या दवाखान्यातून बहिणीनं त्याला शेवटी घरी आणलं. तिच्या ओसरीत गेला. तिशी नुकती ओलांडली असेल.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याकडं त्याचा एकच फोटो, गळ्यात टॉवेल घातलेला. त्यानं टॉवेल काढून खाली दुसऱ्याचा कोट चिकटवला. कोट-टाय घातलेला आमचा गडी जन्मात पहिल्यांदा सरळ उभा राहिला. त्याच्याभोवती आठ पुढाऱ्यांचे फोटो, त्याच्यापेक्षा मोठे. आणि चहाच्या टपरीवर चर्चा.

"लई हळहळ वाटती राव."

"हळहळ काय, बहिणीनंच घात केला. दार लावून घ्यायची."

"मीबी बघितलंय. हाका मारून मारून थकलो, दार काय उघडलं न्हाई बाईनं."

"सख्खा भाऊ, पावणं! आन दाराला कडी!"

मी तिथंच होतो. चहा पीत होतो. त्याच दुपारी पत्रक लिहायला बसलो. मागणी चांगली होती: घाटाशेजारच्या गायरानात त्याच्या नावानं मैदान द्या. भाषाही लागलेली. लिहिलं, 'शासनाने पाठ फिरवली, समाजाने पाठ फिरवली'. इथं चाल अडली. दोन पाठींवर वाक्य लंगडत होतं. तिसरी पाठ पाहिजे. मग लिहिलं, 'आणि घरच्यांनीही पाठ फिरवली.'

वाचून बघितलं. बसलं बरोबर. ओतूरच्या प्रेसमध्ये हजार प्रती छापायला टाकल्या.

दहाव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गठ्ठा घरी आला, आणि त्याच्या पाठोपाठ बहीण आली. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"भाऊ, उद्या माईक तुझ्याकडंच ना?"

"हो आक्का."

"मंग एक कर. ज्याला भाषण करायचं त्याला करू दे, न्हाई म्हनू नको. फकस्त पयलं वाक्य मी सांगंन ते."

"कोणतं?"

"मी त्याला कवा पाजली आन कुठं पाजली. हे पयलं बोलायचं. मंग त्यो केवढा मोठा व्हता ते सांगा. दिसभर सांगा, मी बसंन ऐकत."

खरं सांगतो, मला आनंद झाला. इतकी वर्षं निषेध लिहितोय, पण एवढं धारदार कलम मला सुचलं नव्हतं. कुणाकुणाची तोंडं उघडी पडतील ते डोळ्यांपुढं आलं. तालुक्याचे पुढारी, गाडामालक, फ्लेक्सवरचे आठही. मी म्हटलं, "आक्का, बिनधास्त. मी घोषणा करतो."

ती म्हणाली, "लोकं म्हनत्यात, मी दार लावलं. लावलं. पन त्यो आत व्हता, भाऊ. आतून कडी घालून मी दाराला पाठ लावून बसायची. त्यो आत रडायचा, आन भाईर तुमच्या हाका. माझ्या घरात मी कुनाला तोंड दावंना झालीया. तुझं दाजी बी आता माझ्याशी बोलंना झाल्यात. ह्ये एकदा चारचौघांत निघू दे. मला दुसरं काय नगं."

ती गेली. माझ्या मागं खाटेवर गठ्ठा होता, दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. त्यातल्या हजार प्रतींवर तिची पाठ छापलेली होती, आणि ती पाठ खरोखर दाराला लावलेली होती. मला ते आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं. मी असा विचार केला की पत्रक सबंध कोण वाचतं. आणि छपाई छान आलेली.

सकाळी मी नदीवर पोचलो तोवर कॅप्टननं पहाटेच माझ्या घरून नेलेला गठ्ठा सोडून निम्मी पत्रकं वाटलीही होती. प्रवचन चालू होतं. एका बाजूला बाया, एका बाजूला गडी, पुढं खुर्च्यांची एक रांग, आणि खुर्च्यांच्या मागं गाड्यांची. प्रवचन संपलं. मी माईक घेतला.

म्हटलं, "श्रद्धांजली ज्यांना वाहायची त्यांनी जरूर यावं. घरच्यांची एकच विनंती आहे. प्रत्येकानं पहिल्या वाक्यात सांगायचं, की मी त्याला दारू कधी आणि कुठं पाजली. त्यानंतर पुढचं."

माईकची खरखर ऐकू यायला लागली. पुढच्या रांगेत तालुक्याचे एक पुढारी चष्मा घालून कागद उलगडत होते. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणतोय हा?" शेजारी कानात बोलला. पुढाऱ्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. त्यांचा माणूस पुढं येऊन मोठ्यानं म्हणाला, "सायेब, निघायचं का? राजुरीलाबी दहावा हाय, तिथं वाट बघत्यात." साहेब उठले, चारी बाजूंना हात जोडले आणि राजुरीच्या मयताला चांगलं करायला निघून गेले.

त्यांच्यामागं आणखी दोन गाड्या हलल्या. एका गाडामालकाला मी नावानं पुकारलं, तर बसल्या जागेवरून म्हणाला, "आमी न्हाई बा. आमी माळकरी माणसं."

मागून आवाज आला, "मंग त्या फायनलला जीपमधी काय गंगाजल व्हतं का?"

लोक हसले. पण उठलं कुणी नाही. आमच्या भागात बिनभाषणाचा दहावा तोवर मी पाहिला नव्हता. लोक पायाखालची वाळू उकरायला लागले. पाच मिनिटं गेली असतील. आक्काचं काम तिथंच अर्धं झालं होतं. शंभर माणसं गप्प बसून कबूलच करत होती. मी तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं.

पण रिकामा माईक माझ्यानं बघवत नाही. हा माझा जुना आजार. मी म्हटलं, "कुणीच येत नाही, तर मी दोन शब्द बोलतो." आणि पत्रक उलगडलं.

वीस मिनिटं बोललो. शासन घेतलं, क्रीडा खातं घेतलं, दारूची दुकानं घेतली, शर्यतीवर पैसा उधळणारे घेतले. "बैलाला बदाम आणि खेळाडूला विष!" यावर टाळी पडली. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत, तरी पडली. आवाज चढत गेला. पाठीच्या वाक्यापर्यंत आलो तेव्हा मी ते गाळलं, एवढी मात्र माझी हुशारी. "या मृत्यूला आपण सगळे जबाबदार आहोत," असं म्हणून शेवट केला. आपण सगळे. वाक्य चांगलं होतं.

बायांमधून आक्का उठली. हातात पत्रक होतं. तिला वाचता येतं. ती त्या काळची सातवी पास आहे.

ओरडली नाही. म्हणाली, "भाऊ, पयलं वाक्य राह्यलं."

मला वाटलं, पाठीची ओळ म्हणतेय. मी कागदाकडं बघितलं. मग कळलं.

मी एकोणीस वर्षांचा होतो. घोडेगावची टीम आमच्या घाटावर आलेली. पहिल्या हाफनंतर हा बाभळीखाली बसला, हात कापत होते. म्हणाला, आज न्हाई जमत. कॅप्टन माझ्याकडं बघून म्हणाला, "काहीतरी कर की." मी एकाची मोटारसायकल घेतली, ओतूरला गेलो, बाटली टॉवेलात गुंडाळून आणली आणि बाभळीखाली त्याच्या हातात दिली. त्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि हसायला लागला. "पत्रकवाला तूच ना रं? परवा दारूबंदीचं पत्रक मला तूच दिलं व्हतं." मग झाकण काढलं. दुसऱ्या हाफला चढाच्या बाजूला दोन गोल मारले. मी त्या रात्री चौकातल्या फळ्यावर लिहिलं, 'गावच्या मातीचा विजय'.

हे सगळं मी माईकवर सांगितलं. आवाज चढत नव्हता. मध्येच माईकनं शिट्टी मारली, ती कुणी थांबवली नाही.

माझ्यानंतर अनाउन्सर उठला. त्याला माईक लागलाच नाही. "मी त्याला पाजली जत्रंच्या दिवशी, देवळाच्या मागं," तो म्हणाला. "आन देशी न्हाई, इंग्लिश." का कुणास ठाऊक, त्यानं ते शेवटचं जोडलं. लगेच मागून एक उठला, "मी तर मिलिट्रीची दिली व्हती. मेव्हण्याच्या कोट्यातली." तिसरा म्हणाला, "इंग्लिश-फिंग्लिश सोडा, मी त्याला मटनासंगट पाजली." मग रीघ लागली. लोक हात वर करायला लागले. कोणी कोणत्या गोलाला पाजली, तो गोल कसा होता, चेंडू वर जाऊन कसा परत आला, बचाव करणारा गडी कसा तोंडावर पडला. हसू फुटायला लागलं. मी पाहिलेल्या साऱ्या दहाव्यांत मेलेल्या माणसाबद्दल खरं बोललं गेलेला हा एकच. शरमेनं सुरू झालेली गोष्ट दहा मिनिटांत शर्यत झाली. फक्त भिर्रर्र म्हणायचं बाकी होतं. गाडामालकसुद्धा शेवटी उठला आणि त्यानं जीपमधलं गंगाजल कबूल केलं, ब्रँडसकट.

आक्का उभीच होती. एकेकाचं तोंड बघत होती.

मग कॅप्टन उठला. तो माईकपाशी आला, पण बोलला तिच्याकडं बघून.

"मी दार वाजवायचो, आक्का. त्यो आत हाय हे मला ठावं व्हतं. त्याचा आवाज यायचा. मी मागं जाऊन खिडकीचा गज वाकवला. तितून त्यो भाईर आला. दोनदा. मंग टपरीवर मीच सांगितलं, की तू दार उघडंना. गज आजून वाकडाच हाय. तू सरळ केला न्हाई."

"न्हाई केला," आक्का म्हणाली.

हसणं बंद झालं. दाजी पिंडांपाशी ओल्या धोतरात उभे होते. ते खाकरले आणि म्हणाले, "कावळा शिवून गेला मघाच."

कुणीच पाहिलं नव्हतं. कोण बोलत असताना शिवला हेही सांगता येईना. गर्दी त्याच्यासाठी जमलेली, आणि तो खेळ अर्ध्यावर टाकून केव्हाच निघून गेलेला. दाजींनी पाणी सोडलं, मग चार पावलं चालून बायांच्या बाजूला आले आणि आक्काला म्हणाले, "चल, वाढायला घ्यायचं." एवढंच. पण चारचौघांत म्हणाले.

भाषणं झाली असती तर निदान मैदानाचं आश्वासन मिळालं असतं. पुढारी कागदावर तेच लिहून आले होते, असं नंतर कळलं. तेही गेलं. गायरानात आता बैलगाड्यांचं पार्किंग आहे.

पंगत उठल्यावर उरलेला गठ्ठा घेऊन मी आक्काकडं गेलो. ती पातेली घासत होती. म्हटलं, "आक्का, ती ओळ मी खोडतो. सगळ्या प्रतींवरची."

"खोडू नको," ती म्हणाली. "निम्म्यांनी वाचली, आता खोडून काय? हे खाली काय लिव्हलंय? समस्त ग्रामस्थ. हे कोन?"

"तसं लिहायची पद्धत आहे."

"मी ग्रामस्थ न्हाई का? मी कवा म्हनले, माझी पाठ फिरली म्हनून?" तिनं राखेचा हात पदराला पुसला आणि बोट त्या कोपऱ्यावर ठेवलं. "हितं तुझं नाव लिव्ह. ज्यानं लिव्हलं त्याचं. मंग ज्याला वाचायचं त्यो वाचंल."

"सगळ्यांवर?"

"राह्यल्यात तेवढ्यांवर. आन वाटल्याली गावतील तशी, त्यांच्यावर बी."

मी तिच्या ओसरीत बसून सह्या केल्या. 'समस्त ग्रामस्थ'वर काट मारून खाली माझं नाव. तिथून ती खिडकी दिसते. कॅप्टन शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "माझंबी लिव्ह." लिहिलं. अनाउन्सरला विचारलं, तर म्हणाला, "माझं नको राव. माझा धंदा आवाजाचा, लेखी नको काही."

वाटलेली गोळा करायला अजून फिरतोय. काही घरांत कपाटाच्या कप्प्यात अंथरलेली सापडली, एक देवघरात त्याच्या फोटोमागं. गावात आता सगळे म्हणतात, "बाईनं दार आतनं लावलं व्हतं, आमाला ठावंच व्हतं." टपरी तीच, माणसंही तीच. माझं नाव वाचून दोघं-तिघं म्हणाले, "बरं झालं कळलं." कशाचं बरं ते मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात ओतूरच्या स्टँडवर भेळवाल्याच्या रद्दीत तीन प्रती निघाल्या. त्याच्या गाड्याचाच आधार घेऊन तिन्हींवर काट मारली, नाव घातलं. तो बघत होता.

"आता वापरू का?" त्यानं विचारलं.

"वापर," म्हटलं.

त्यानं एक उचलली, पुडा वळला आणि भेळ भरून माझ्या मागच्या माणसाला दिली.